न पुसलेलं लग्न

सुकन्याने कॉम्प्युटरचा डबा टेबलाखालून ओढला, त्याच्या वायरी एकेक करून उपसल्या आणि दुकानातल्या सतरंजीवर त्याला आडवं निजवलं. मग पदर कमरेला खोचून, स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊन ती समोर मांडी घालून बसली.

"आडवं पाडलं का गं तिला?" दारात उभी असलेली छबुबाई म्हणाली. "लक्षुमी हाय ती."

"आत्या, उभ्या उभ्या पोटात हात कसा घालायचा?"

"हात घालायचाच कशाला?"

सुकन्या हसली आणि मागचे दोन स्क्रू सोडवायला लागली. सासूच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसलं की ती अशी हसायची. छबुबाईला हे हसणं आवडत नसे, कारण त्यावर भांडता येत नसे.

केजच्या बसस्टँडच्या मागच्या गल्लीत बजरंगचं हे शूटिंगचं दुकान. लग्नात कॅमेरा घेऊन पळायचा तो बजरंग, आणि नंतर दुकानात बसून त्या पळापळीतून लग्न उभं करायची ती सुकन्या. या कामाला धंद्यात मिक्सिंग म्हणतात. नको ते कापायचं, हवं ते जोडायचं, नवरी-नवरा स्टेजवर आले की वरून गुलाबाच्या पाकळ्या पाडायच्या आणि पाठवणीला रडकं गाणं लावायचं. सुकन्याचा हात या कामात असा बसला होता की धारूरपासून उमापूरपर्यंतचे लोक नुसतं गाणं ऐकून "हे केजचं मिक्सिंग" म्हणून ओळखायचे. छबुबाई हे चारचौघींत सांगायची. सुकन्याच्या तोंडावर मात्र सांगत नसे. सून डोक्यावर बसेल अशी तिला धास्ती होती.

आज मशीन उघडायची पाळी आली ती विजयसिंह साहेबांमुळे. साहेब म्हणजे या भागातले मोठे पुढारी. त्यांची साठी जवळ आली होती. त्यांनी आयुष्यभरात ज्या ज्या लग्नांत अक्षता टाकल्या, त्या लग्नांतले तुकडे जोडून एक फिल्म करायची आणि सोहळ्याच्या दिवशी मोठ्या पडद्यावर लावायची, असं त्यांच्या माणसांनी ठरवलं. साहेबांनी लग्नं म्हणाल तर खंडीभर गाजवली होती, आणि त्यातली बरीचशी बजरंगच्या मशीनमध्ये होती. दुसऱ्या कुठल्या शूटिंगवाल्याकडे एवढी जुनी लग्नं सापडायची नाहीत. पेनड्राईव्ह गिऱ्हाइकाच्या हातात पडला की बाकीचे सगळे मोकळे होतात. सुकन्या मोकळी होत नसे. तिने एकही लग्न पुसलं नव्हतं.

पण त्यामुळेच फिल्म जोडायला बसल्यावर मशीन अडलं. जागाच उरली नव्हती.

बजरंगने सरळ हिशेब मांडला. ज्या लग्नांना साहेब आले होते, त्यांच्या नावापुढे सुकन्याने केव्हाच खूण करून ठेवली होती, कारण पुढाऱ्यांची माणसं असले तुकडे मागायला नेहमीच येत. खुणेची लग्नं ठेवायची, बाकीची जुनी पुसून टाकायची.

"ज्यांच्या लग्नाला साहेब आले न्हाईत, त्यांची लग्नं झालीच न्हाईत का?" सुकन्याने विचारलं होतं.

"तसं कोण म्हणलं? पण त्यांनी त्यांचं नेलंय की घरी."

"आन त्यांच्या घरचं खराब झालं म्हंजे कुणाकडं जायचं त्यांनी? आपल्याकडंच येतेत."

दुसऱ्या दिवशी ती एसटीने बीडला गेली आणि नवीन हार्ड डिस्क घेऊन आली. पिशवीतून काढून तिने ती टेबलावर ठेवली तेव्हा छबुबाईच्या काळजात चर्र झालं.

कारण छबुबाईला ती लग्नं पुसली जायलाच हवी होती. सगळी नकोत, तिच्यापुरतं एकच पुरे होतं.

तिच्या भावाची, सटवाची, लेक तेजश्री. धारूरच्या पलीकडे, बालाघाटाच्या माळावर सटवाची मेंढरं आणि थोडी शेती. सात-आठ वर्षांपूर्वी तिथल्या दारातल्या मांडवात ते लग्न झालं. साहेबांनी येतो म्हणून शब्द दिला होता. साहेब आले नाहीत. त्या दिवशी छबुबाईच्या हातून एक गोष्ट घडली, आणि आपण भावाच्या मांडवाची शोभा घालवली असं मनाला लावून घेऊन ती जीपमध्ये बसली, ते केजपर्यंत पदराआड रडत आली. गल्लीत उतरल्या उतरल्या शेजारणीने विचारलं, "आलते का गं साहेब?" आणि छबुबाईच्या तोंडून निघून गेलं, "आलते की."

एकदा आलेले साहेब मग परत कुठले जातात? पुढच्या वेळी सांगताना त्यांनी अक्षता टाकल्या. त्याच्या पुढच्या वेळी सटवाच्या पंगतीला बसून बुंदी खाल्ली. तिला खोटं पाडणारं केजात कुणी नव्हतं. सटवा मुळात कमी बोलणारा. बजरंगला त्याच दिवशी उमापूरला मोठ्या घरचं शूटिंग होतं, म्हणून मामेबहिणीच्या लग्नाला त्याने दुसरा माणूस पाठवला होता. साहेबांचा हस्तक सत्यम फिल्मचं सांगायला दुकानात आला, तेव्हा चहाचा कप पुढे करताना सवयीने छबुबाई बोलून गेली, "आमच्या सटवाच्या पोरीला बी आशीर्वाद दिलता साहेबांनी. स्वतःच्या हातानं."

सत्यमचे डोळे चमकले. "मेंढपाळाच्या घरचं लग्न? मावशी, मला असलंच तर पाहिजे. शेवटी तेच लावू. साहेब माळावरच्या माणसापर्यंत जातात, हे लोकांना दिसलं पाहिजे."

तेव्हापासून छबुबाईला घास गोड लागत नव्हता. तेजश्रीच्या लग्नापुढे खूण नव्हती हे बजरंगच्या लक्षात आलं नव्हतं. बाकीच्यांबरोबर ते पुसलं गेलं असतं, सत्यमला "चुकून गेलं बघा" म्हणून सांगता आलं असतं आणि सगळंच निभावलं असतं. आता ही बया मशीनचं पोट उघडून बसली होती.

डब्याचं पत्र्याचं दार सरकून निघालं. सुकन्याने आधी आतल्या लोखंडाला हात लावला, अंगातली वीज जाते म्हणाली, आणि जुन्या डिस्कच्या खालच्या रिकाम्या कप्प्यात नवी डिस्क हळूच सरकवली. चार बाजूंनी चार बारीक स्क्रू आवळले. एक रुंद वायर लावली, ती विजेची. दुसरी अरुंद, लाल, तिचं एक टोक डिस्कला आणि दुसरं आतल्या हिरव्या पाटीवरच्या खाचेत. बजरंग तोवर बाहेरून आला आणि गुडघ्यांवर हात ठेवून वाकून बघत राहिला. लग्नात हजार माणसांत धक्काबुक्की करून कॅमेरा चालवणारा हा गडी, पण मशीन उघडलं की त्याचा श्वास अडकायचा.

"बग हां. जुन्याला धक्का लागला तर साहेब बी गेले आन आपुन बी."

"तुमी जरा उजेडातून सरका."

तिने वायरी लावल्या, बटण दाबलं. पंखा घुमला, पडदा उजळला. सुकन्याने दोनतीन ठिकाणी बघितलं. जुनी डिस्क दिसत होती. नवीचा पत्ता नव्हता.

छबुबाईने आतल्या आत हात जोडले. आई, धावलीस गं.

सुकन्याने मशीन बंद केलं, परत आडवं पाडलं आणि मोबाईलची बत्ती लावून आत डोकावली. मग तिने लाल वायर उपसली, खाचेत दात कोरायची काडी घातली आणि अलगद बाहेर काढली. काडीच्या टोकाला कुंकू होतं. त्याच्या मागोमाग तांदळाचा एक दाणा आला, पिवळा, हळदीत भिजवलेला.

"हे काय?" बजरंग म्हणाला.

हे काय ते छबुबाईला विचारायची गरज नव्हती. दर शुक्रवारी ती मशीनला हळदकुंकू वाहायची. खंडेनवमीला दुकानातली अवजारं पुजताना कॅमेऱ्याला नुसतं बोट लावायची, पण मशीनवर मूठभर अक्षता आणि वर फुलाने पाणी शिंपडायची. डब्याच्या माथ्यावर वारं जायची जाळी होती. शुक्रवारी वाहिलेलं कुंकू शनिवारी दिसत नसे. देवीने ते पदरात घेतलं, अशी छबुबाईची पक्की समजूत होती. ते कुठे जात होतं हे आता तिच्या डोळ्यांसमोर होतं. आतल्या हिरव्या पाटीवर, पंख्याच्या पात्यांवर, वायरींच्या बेचक्यांत इतक्या वर्षांची पूजा साचून बसली होती.

"आये!" बजरंगचा आवाज चढला. "आगं, मशीन हाय का मरीआईचं देऊळ?"

"तुजा बाप बी नांगराला कुंकू लावायचा," छबुबाई म्हणाली. "नांगर कदी बंद पडला न्हाई."

एरवी या उत्तरावर तीच खूश झाली असती. आज तिला तोंड कुठे लपवावं कळेना. आपल्या हातानं आपल्याच लक्ष्मीचा गळा दाबला होता की काय? आणि त्याच्याच तळाशी, कुणाला दिसू नये असा, एक आनंदही होता. बरं झालं. लागलीच नाही डिस्क.

"अहो, ओरडू नका," सुकन्या म्हणाली. "एवढं पडूनबी इतकी वर्सं चाललंय मशीन. आत्यांचाच आशीर्वाद म्हणायचा." ती मस्करी करत होती की खरं बोलत होती, हे छबुबाईला ओळखता येईना. "ही खाच गेली, पाण्यानं आतून हिरवी झालीय. पण कोपऱ्यात अजून एक हाय."

ती कोपऱ्यातली खाच पंख्याच्या आडोशाला होती. तिथवर कुंकू पोचलं नव्हतं. सुकन्याने रंगाच्या मऊ ब्रशने आतलं सगळं झाडलं, फुंकर मारली, लाल वायर वळवून त्या कोपऱ्यात नेली आणि दाबली. खट्ट आवाज आला.

या वेळी पडद्यावर चौकट उमटली. नवी डिस्क दिसत होती, पण ती कोरी. तिला वापरायजोगी करायला हवी होती. इथे चुकून जुनीवर बोट पडलं असतं तर सगळ्या तालुक्याची लग्नं एका दमात मोडली असती. बजरंगने डोळेच मिटून घेतले. सुकन्या चौकटीतलं अक्षर अन् अक्षर पुटपुटत वाचत होती. पहिली, दुसरी, भरलेली, कोरी. एकदा वाचून झाल्यावर तिने परत वाचलं. मग बटण दाबलं.

छबुबाईने सुनेच्या हाताकडे बघितलं. तो जराही हलत नव्हता. तिला वाटून गेलं, काय हात आहे पोरीचा!

"झालं," सुकन्या म्हणाली. "आता दुप्पट जागा. कुणालाच पुसायला नको."

बजरंग "वा रं वा!" म्हणत चहा सांगायला बाहेर पळाला. वाटेत भेटेल त्याला बायकोचं कौतुक सांगत गेला असणार, कारण तो लवकर परतला नाही. दुकानात दोघीच उरल्या. जुनी लग्नं नव्या डिस्कवर जायला लागली. एकेक नाव पडद्यावरून सरकत होतं.

"सत्यम दुपारी येणार हाय," सुकन्या पडद्याकडे बघतच म्हणाली.

"ठाव हाय."

"आत्या, तेजश्रीचं लगीन तुमी कदी बघितलंच न्हाई."

त्या लग्नाचं मिक्सिंग याच पोरीने केलं होतं. तेव्हा ती घरात नवीन आलेली, अजून हातातला चुडा उतरला नव्हता. म्हणजे इतकी वर्षं तिला सगळं माहीत होतं. शेजारणींसमोर साहेब पंगतीला बसून बुंदी खात होते, तेव्हा ही बाजूला बसून शेंगा फोडत होती आणि एकदाही हसली नव्हती.

"लावू?"

छबुबाईने मान हलवली नाही. सुकन्याने लावलं.

माळावरचा मांडव. ऊन. लाऊडस्पीकरवरचा माणूस सांगत होता, साहेब घाटात पोचले आहेत, पाचच मिनिटांत आपल्यामध्ये असतील. मग पंगतीची पातेली दिसली, झाकून ठेवलेली. परत लाऊडस्पीकर, साहेब घाटातच. लहान पोरं बुंदीच्या टोपल्याभोवती घुटमळत होती. बोहल्यावर तेजश्री बसल्या बसल्या डुलक्या घेत होती. फाट्यावर सटवा उभा होता, साहेबांसाठी आणलेला गुलाबी फेटा दोन्ही हातांवर तोलून धरलेला. ऊन त्याच्या डोक्यावर होतं आणि फेटा त्याने सावलीत धरला होता.

एवढं छबुबाईला आठवत होतं. पुढचंही आठवत होतं, म्हणून तिने मान खाली घातली. तेव्हा तिचाच आवाज दुकानात घुमला.

"ऱ्हाऊ द्या साहेबाला घाटात! लेकरं उपाशी हायती हितं. भटजी, धरा अंतरपाट. लावा लगीन!"

तिने वर बघितलं. पडद्यावर ती उभी होती. लाऊडस्पीकरवाल्याच्या हातून माईक हिसकावून घेतलेला, पदर खांद्यावर आलेला, मान ताठ. आपण अशा दिसतो हे तिला माहीत नव्हतं. त्या दिवसातलं तिच्याजवळ एवढंच उरलं होतं, की ती हे बोलली, मांडव चिडीचूप झाला आणि विहिणीने तोंड फिरवलं. ते फिरलेलं तोंड ती इतकी वर्षं उरात घेऊन हिंडत होती.

पडद्यावर विहिणीने तोंड फिरवलं. मागे वळून आपल्या बायकांना हाताने उठवत ती म्हणाली, "उठा गं, आक्का म्हणतेत तेच खरं. कवाची बसलोय!" मग टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी शिट्टी वाजवली. तो मागे राहिलेला आवाज छबुबाईने ऐकला नव्हता. तोवर ती मांडवामागे जाऊन तोंड लपवून बसली होती.

सटवा फाट्यावरून माघारी आला. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि हातातला फेटा एका म्हाताऱ्याच्या डोक्याला बांधला. म्हाळूबाबा, सटवा-छबुबाईच्या वडिलांबरोबर मेंढरांमागे जन्म काढलेला माणूस. दात पडलेलं तोंड उघडं टाकून तो कॅमेऱ्याकडे बघत होता. सटवा हसत होता. भाऊ त्या दिवशी हसला होता हे छबुबाईला कुणी सांगितलंच नव्हतं. मंगलाष्टकं सुरू झाली.

सुकन्याने व्हिडिओ थांबवला नाही, सासूकडे बघितलंही नाही. छबुबाईचे डोळे वाहत होते आणि छाती भरून आली होती. मी बोलले हे, ती मनाशी म्हणत होती. माझ्या तोंडून निघालं हे.

"तू तवाच का सांगितलं न्हाई मला?" थोड्या वेळाने तिने विचारलं.

"तुमी साहेबाचं सांगताना लई रंगात यायच्या," सुकन्या म्हणाली. "मला वाटलं, बघितलं की कळंल आपोआप. तुमी बघायलाच तयार नसायच्या."

दुपारी सत्यम आला. इस्त्रीचे पांढरे कपडे, दोन हातांत दोन मोबाईल. बजरंगने खुर्ची पुसून पुढे केली. फिल्मचे बाकीचे तुकडे बघून सत्यम खूश झाला, मान डोलावत राहिला. मग म्हणाला, "आता ते मेंढपाळाचं दाखवा. आपलं शेवटचं."

बजरंगने सुकन्याकडे बघितलं. सुकन्या मान वर न करता म्हणाली, "ती फाईल उघडत न्हाई, दादा. खराब झाली वाटतं. जुनी हाय."

पोरगी आपल्यासाठी खोटं बोलत होती. स्वतःच्या मशीनला, स्वतःच्या हाताला बट्टा लावून घेत होती. छबुबाई दारातल्या पायरीवरून उठली आणि पदर नीट करून आत आली.

"उघडती की," ती म्हणाली. "तिच्या हातची फाईल खराब होत नस्ती."

"मग दाखवा ना, मावशी. साहेब कुठं आहेत ते..."

"साहेब न्हाईत त्यात."

"पण तुम्हीच म्हणाला होता..."

"म्हणलंते. साहेब आलेच न्हाईत. आमी लई वाट बघितली. मंग मी म्हणलं लावा लगीन, आन लावलं."

बजरंग आईकडे आ वासून बघायला लागला. सत्यमने दोन्ही मोबाईलकडे आळीपाळीने बघितलं, कसनुसं हसला आणि उठायला लागला. "बरं, मग हे राहू द्या. मला जरा घाई आहे, मावशी. साहेब वाट बघत असतील."

"बघू द्या की," छबुबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. पाहुण्याला जेवल्याशिवाय सोडायचं नाही, तसा आग्रह होता. तिने सत्यमच्या खांद्याला हात लावून त्याला परत खुर्चीत बसवलं. "आमी बसलो हुतो तवा. आता तुमी बसा घडीभर. सुकन्या, पैल्यापासून लाव."